नंबर जाईल या भीतीने त्याच कंपनीत अडकून बसू नका

घरात रेंज येत नाही, फोन आला की गॅलरीत धावायचं, पावसाळ्यात तर तेही नाही, रिचार्ज दर वेळी महाग होतंय, कस्टमर केअरला माणूस लागतच नाही, आणि एवढं सगळं असून लोक वर्षानुवर्षं तीच कंपनी धरून बसलेत. का तर म्हणे "जाऊ दे रे, नंबर बदलेल ना". हे वाक्य मी आजही ऐकतो, शिकल्या सवरलेल्या लोकांकडून ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मनापासून वाईट वाटतं, कारण नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे २०११ पासून आहे आणि ती कोणाची मेहेरबानी नाहीये, नियमाने दिलेला हक्क आहे.

ज्यांना आधीचा काळ आठवतो त्यांना माहीत असेल, नंबर बघूनच कंपनी कळायची. आपल्या महाराष्ट्रात ९८२२ दिसलं की आयडिया, ९८९० म्हणजे एअरटेल, ९४२२ बीएसएनएल. मुंबईत ९८२० ऑरेंजचा, ९८२१ बीपीएलचा आणि ९८६९ एमटीएनएलच्या डॉल्फिनचा. म्हणजे नंबर आणि कंपनी हे एकच होतं, कंपनी सोडली की नंबर गेला. आणि तेव्हा नंबर जाणं म्हणजे काय? दुकानाच्या बोर्डावर रंगवलेला नंबर, बिलबुकावर छापलेला, टेम्पोच्या मागे लिहिलेला, गावाकडे मामाच्या डायरीत पेनाने लिहून ठेवलेला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लग्नात मेंदी काढणाऱ्या ताई, यांचा सगळा धंदा त्या दहा आकड्यांवर चालतो, नंबर बदलला की जुनं गिऱ्हाईक तुटलं. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक जाणारच नाही हे एकदा कळलं की सर्व्हिस सुधारायची घाई कोणाला असते?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जगात सगळ्यात आधी सिंगापूरने केली, १९९७ मध्ये. अमेरिकेत मोबाईल नंबरसाठी नोव्हेंबर २००३ मध्ये सुरू झालं, अगदी शेजारच्या पाकिस्तानातसुद्धा २००७ ला आलं होतं. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम काढले सप्टेंबर २००९ मध्ये, मग तारखा पुढे ढकलत ढकलत शेवटी २५ नोव्हेंबर २०१० ला फक्त हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला सगळ्या देशात. तेव्हा पोर्टिंगसाठी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यासाठी, जास्तीत जास्त १९ रुपये घेता यायचे. एक मोठी मेख मात्र राहिली होती, कंपनी बदलायची तर आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईलसाठी देशाचे जे भाग पाडलेत त्यातल्या आपल्याच भागात. आता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आणि मुंबई वेगळं सर्कल, म्हणजे पुण्याचा पोरगा नोकरीला मुंबईला गेला तर तो आपला पुण्याचा नंबर तिथल्या कंपनीत नेऊच शकत नव्हता, एक तर रोमिंग भरा नाहीतर नवीन नंबर घ्या. ही मेख निघाली ३ जुलै २०१५ ला. तेव्हापासून नागपूरचा नंबर बंगळुरूला न्या, दिल्लीला न्या, कुठेही न्या, तोच राहतो. बदली होणारे सरकारी कर्मचारी, फौजी लोक, आयटीवाली मुलं यांना याचा किती उपयोग झाला ते त्यांनाच विचारा.

या सोयीची खरी किंमत मात्र कंपन्या बुडायला लागल्या तेव्हा कळली. मुंबईतल्या लोकांना लूप मोबाईल आठवत असेल, आधीचं बीपीएल. त्याचं लायसन्स नोव्हेंबर २०१४ मध्ये संपलं आणि लाखो लोकांना दुसरीकडे जावं लागलं. ही सोय नसती तर मुंबईतल्या सगळ्यात जुन्या मोबाईल नंबरांपैकी कितीतरी नंबर त्या कंपनीबरोबरच गेले असते. मग २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलचं तेच झालं, पण जास्त वाईट, कारण तिथे नेटवर्कच पटापट बंद पडत गेलं आणि पोर्टिंगचा कोड मेसेजने येतो, मेसेज यायला रेंज लागते, रेंजच नाही तर कोड कसा मिळणार. लोक अक्षरशः रडकुंडीला आले होते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की कंपनीची लक्षणं ठीक दिसत नसतील, आपल्या भागातले टॉवर एकेक करून बंद पडत असतील, तर शेवटपर्यंत वाट बघू नका, सिमला रेंज आहे तोवर निघा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. जो नंबर न्यायचा आहे त्याच सिमवरून १९०० ला एसएमएस पाठवायचा, इंग्रजी अक्षरांत पोर्ट (PORT) लिहून एक स्पेस आणि पुढे आपला दहा आकडी नंबर. थोड्या वेळात आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो कोड आणि आपलं आधार घेऊन नव्या कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, किंवा सिम विकणाऱ्याकडे जायचं, केवायसी करायची, नवीन सिम घ्यायचं, झालं. जुन्या कंपनीच्या दुकानात जायची गरज नाही, त्यांची परवानगी नको, अर्ज नको, कारण सांगायला नको. हे मी मुद्दाम सांगतोय कारण अजूनही बरेच लोक आधी जुन्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन "मला सोडायचंय" म्हणून सांगतात आणि मग तिथला माणूस तासभर समजूत घालत बसतो.

यूपीसी फक्त चार दिवस चालतो हे लक्षात ठेवा. आधी पंधरा दिवस मिळायचे, पण १६ डिसेंबर २०१९ पासून नियम बदलले आणि मुदत चार दिवसांवर आली (जम्मू काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत मात्र ३० दिवस आहे). त्यामुळे कोड आधी मागवून ठेवू, सवडीने जाऊ असं करू नका, ज्या दिवशी दुकानात जायचं त्याच दिवशी सकाळी मागवा. त्याच वेळी आणखी एक फार चांगला बदल झाला, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. पूर्वी कोड जुनी कंपनीच द्यायची आणि आपण नवीन सिम घेऊन आल्यावर मग ती सांगायची की तुमची रिक्वेस्ट रिजेक्ट झाली. आता कोड द्यायच्या आधीच तपासणी होते आणि कोड देते ती पोर्टिंगचं काम बघणारी मधली एजन्सी. नियमात बसत असाल तरच कोड येतो, नाहीतर मेसेजमध्येच कारण येतं. आणि जुन्या कंपनीने उगाच अडवलं तर ट्राय तिला प्रत्येक वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकते.

नियमात बसणं म्हणजे काय ते पण बघून घ्या. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. पोस्टपेड असेल तर ज्या बिलाची शेवटची तारीख उलटून गेलीय ते भरलेलं पाहिजे. नंबर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज चालू असेल तर तो आधी पूर्ण होऊ दे. नंबरवर कोर्टाचं काही प्रकरण नको. आणि १ जुलै २०२४ पासून नवीन नियम आलाय की सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. यावर लोक चिडतात पण माझ्या मते हा नियम अगदी बरोबर आहे. चोर काय करतात, खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढतात आणि लगेच नंबर दुसऱ्या कंपनीत नेऊन टाकतात, म्हणजे तुम्ही जुन्या कंपनीत ओरडत राहता आणि तिकडे ओटीपी चोराच्या हातात पडत राहतात. सात दिवस मिळाले तर निदान आपल्या लक्षात तरी येतं की आपलं सिम का बंद पडलंय. ९० दिवसांच्या नियमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. नव्या कंपनीत गेलो आणि तिथे घरात रेंजच नाही निघाली तर परत ९० दिवस अडकायचं, हे फार होतं. सारखी उडी मारणाऱ्यांना आवर घालायला हवा हे मान्य आहे, पण पहिल्या पंधरा दिवसांत परत जायची एक संधी द्यायला काय हरकत आहे?

पोर्टिंगला सर्कलमध्येच जात असाल तर तीन कामाचे दिवस लागतात, एका सर्कलमधून दुसऱ्यात किंवा कंपनीच्या कॉर्पोरेट कनेक्शनचा नंबर असेल तर पाच. तोपर्यंत जुनं सिम चालू असतं, ते काढून फेकून देऊ नका. मेसेज येतो की अमुक वेळी पोर्टिंग होणार, बहुतेक वेळा रात्रीच होतं, मग जुन्या सिमची रेंज जाते, थोडे तास काहीच चालत नाही, आणि मग नवीन सिम घातलं की झालं. विचार बदलला तर रिक्वेस्ट दिल्यापासून २४ तासांच्या आत १९०० लाच कॅन्सल (CANCEL) लिहून, स्पेस देऊन नंबर पाठवायचा.

माझ्या आईचा नंबर मी पोर्ट केला तेव्हा जे झालं ते सांगायलाच पाहिजे. तिचा नंबर फार जुना, सगळ्या नातेवाईकांना पाठ, भिशीच्या बायकांना पाठ, पेन्शनची बँक, गॅस, आधार, सगळं त्यालाच जोडलेलं. घरात रेंज अजिबात येईना झाली होती आणि ती एकटी असताना फोन लागला नाही की माझा जीव वरखाली व्हायचा. पण ती तयारच होईना, "माझा नंबर गेला तर मला कोण फोन करणार" हेच तिचं म्हणणं. शेवटी कसंतरी समजावलं, एसएमएस पाठवायला गेलो तर जाईचना, तिचं रिचार्ज सगळ्यात स्वस्तातलं होतं आणि त्यात एसएमएसच नव्हते. कस्टमर केअरवाला सरळ म्हणाला मोठं रिचार्ज करा मग मेसेज जाईल. म्हणजे सोडून जाण्यासाठी आधी त्यांनाच पैसे द्या! मला माहीत होतं की ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना स्पष्ट आदेश दिलाय की रिचार्ज कुठलंही असो, कितीचंही असो, १९०० वर पोर्टिंगचा मेसेज गेलाच पाहिजे. मी तो आदेश सांगितला, तक्रार नोंदवायला लावली, तक्रार नंबर घेतला, आणि मग मेसेज गेला. मला माहीत होतं म्हणून झालं, पण माझ्या आईसारखी एखादी बाई एकटीच असती तर तिने गुपचूप रिचार्ज मारलं असतं किंवा नाद सोडून दिला असता, आणि हेच मला सहन होत नाही.

कोड आल्यावर फोन सुरू झाले. आधी गोड, काकू तुमच्यासाठी स्पेशल ऑफर आहे, एवढा डेटा एवढ्या पैशांत. मग एकाने तर तिला सांगितलं की मॅडम पोर्ट केलं तर मधे नंबर कायमचा बंद पडू शकतो. आई घाबरली, मला फोन करून म्हणाली "अरे राहू दे बाबा". हे असलं बोलणं धडधडीत खोटं आहे हो. असे फोन आले तर एकच वाक्य बोला, "मला ऑफर नको, पोर्टिंग होऊ द्या", आणि ठेवून द्या. ऑफर खरंच चांगली वाटली तर घ्या, त्यात वावगं काही नाही, पण एवढी चांगली ऑफर इतकी वर्षं त्यांच्याकडे थांबणाऱ्या माणसाला का नाही दिली हा विचार जरूर करा.

यूपीसी कोणालाही फोनवर सांगू नका, कोणालाही म्हणजे कोणालाही. हा कोड मागायची वेळ फक्त एकदाच येते, तुम्ही स्वतः नव्या कंपनीचं सिम घेता तेव्हा. "सर तुमचा नंबर फाईव्ह जी ला अपग्रेड करायचाय, मेसेजमध्ये आलेला कोड सांगा" असं म्हणणारा माणूस चोर आहे असंच समजा. आणि तुम्ही पोर्टची रिक्वेस्ट दिलेली नसताना पोर्टिंगचा मेसेज आला तर तो स्पॅम समजून डिलीट करू नका, लगेच आपल्या कंपनीला फोन करा.

आता बँकेचं. नंबर तोच राहतो म्हणून बँकेत, आधारला, गॅसला, कुठेही काही कळवायला लागत नाही. पण सिम बदललेलं असतं, त्यामुळे यूपीआयचं ॲप आणि बँकेचं ॲप परत एकदा नंबर व्हेरिफाय करायला सांगतात आणि त्यासाठी नव्या सिमवरून एसएमएस जायला लागतो. म्हणून नवीन सिमवर पहिलं रिचार्ज करताना त्यात एसएमएस आहेत का बघा. सुरुवातीला एखाद्या बँकेचा ओटीपी उशिरा येतो असंही होतं, तेव्हा पगाराचा दिवस, हप्त्याचा दिवस, परीक्षेची फी भरायचा शेवटचा दिवस, प्रवासाचा दिवस, असले दिवस टाळून पोर्टिंग करा आणि खिशात थोडी रोख ठेवा. जुन्या सिमवरचा बॅलन्स, उरलेली व्हॅलिडिटी, डेटा हे सगळं जातं, नव्या कंपनीकडे येत नाही, त्यामुळे वर्षाचं रिचार्ज आत्ताच मारलं असेल तर ते संपत आल्यावर निघणं शहाणपणाचं. सिममध्ये सेव्ह केलेले नंबर आधी फोनमध्ये घेऊन ठेवा, वयस्कर माणसांचे फोन असतील तर हे नक्की बघा, त्यांचे निम्मे नंबर सिममध्येच असतात. पोस्टपेडवाल्यांनी शेवटचं बिल पोर्टिंगनंतर येतं ते आठवणीने भरावं, न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करायला लावू शकते.

नंबर तोच असून फोन बरोबर नव्या कंपनीत कसा पोचतो हे मला स्वतःला फार भारी वाटतं म्हणून सांगतो. आपण कोणाला फोन लावला की आपल्या कंपनीचं मशीन आधी एका यादीत बघतं की हा नंबर पोर्ट झालाय का आणि झाला असेल तर सध्या कोणाकडे आहे. प्रत्येक नेटवर्कला आणि सर्कलला एक वेगळा राउटिंग कोड असतो, तो त्या नंबरच्या पुढे लागतो आणि कॉल थेट तिकडे जातो, जुन्या कंपनीकडे जातच नाही. देशात ही मुख्य यादी सांभाळायचं काम दोन एजन्सी करतात, देशाचे दोन झोन पाडलेत, आपला महाराष्ट्र पहिल्या झोनमध्ये येतो. कॉल लावल्यापासून रिंग वाजेपर्यंतच्या क्षणात हे सगळं होऊन जातं. आणि आजपर्यंत देशात पोर्टिंगच्या १०० कोटींपेक्षा जास्त रिक्वेस्ट आल्यात, महिन्याला एक कोटीच्या वर येतात. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

पण म्हणून डोळे झाकून उडी मारू नका. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा रागाच्या भरात खूप लोक बीएसएनएलला गेले. काही खूश आहेत, विशेषतः ज्यांना फक्त फोनवर बोलायचंय आणि स्वस्तात सिम चालू ठेवायचंय ते, आणि काहींना डेटाचा स्पीड मिळेना म्हणून ९० दिवस मोजत बसावं लागलं. दर बघून कंपनी ठरवण्यापेक्षा रेंज बघून ठरवा. कंपन्यांना आता आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा टाकावा लागतो, तो बघा, पण नकाशा घराच्या आतल्या खोलीतलं सांगत नाही. त्या कंपनीचं सिम असलेल्या मित्राला घरी बोलवा, त्याचा फोन घेऊन बेडरूममध्ये, जिन्यात, ऑफिसच्या बेसमेंटमध्ये कॉल लावून बघा, किंवा ड्युअल सिम फोन असेल तर त्या कंपनीचं एक साधं सिम घेऊन थोडे दिवस दोन्ही चालवा. मी आईच्या वेळेस शेजारच्या काकांचं सिम मागून तिच्या स्वयंपाकघरात लावून बघितलं होतं, कारण तिचा अर्धा दिवस तिथेच जातो.

आणि कपाटात पडलेलं दुसरं सिम असेल, "असू दे कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेलं, तर त्याच्याकडेही बघा. ९० दिवस त्यावर काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि मग काही काळाने तोच नंबर दुसऱ्याच माणसाला मिळतो. त्या नंबरला तुमचं एखादं जुनं बँक खातं जोडलेलं असेल तर विचार करा. प्रीपेडमध्ये कमीत कमी २० रुपये बॅलन्स असेल तर नंबर टिकवून ठेवायची सोय ट्रायने २०१३ मध्येच करायला लावलीय, पण त्यापेक्षा सरळ तो नंबर स्वस्त प्लॅन असलेल्या कंपनीत पोर्ट करून चालू ठेवलेला बरा. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं, एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. कधी न घेतलेलं सिम तिथे दिसलं तर तिथूनच कळवता येतं.

कोड आला नाही, किंवा उगाच अडवताहेत असं वाटलं, तर गॅलरीतल्या माणसाशी भांडत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं. कस्टमर केअरला तक्रार नोंदवा आणि तक्रार नंबर, म्हणजे डॉकेट नंबर, मागून घ्या, दिल्याशिवाय फोन ठेवू नका. तिथे काम झालं नाही तर प्रत्येक कंपनीत अपील करायचा एक अधिकारी असतो, त्याच्याकडे तो डॉकेट नंबर लावून अपील करा, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, अपिलातही काही झालं नाही तर सरळ दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर टाका आणि त्यात तारखा, आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर सगळं जोडा.